दोन बोटांचा जोर

आवळणं हा माझा स्वभावच. अकरा वर्षं तालमीत घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? गुडघा गेला, कुस्ती सुटली, तेव्हा मी डिझेलचा जुना टेम्पो घेतला. निघोज्यातल्या चौदा जणांना रोज पहिल्या शिफ्टला पिंपरीच्या कंपनीत सोडायचं, असं कंपनीशीच ठरलं होतं. ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वेळेला गावातून एसटी नव्हती, त्यामुळे माझी गाडी होती म्हणून त्यांच्या नोकऱ्या होत्या. आणि ते चौदा जण होते म्हणून गावात भीमराज पैलवानाला अजून कोणी विचारत होतं.

गाडीला खोड एकच. इंजिनाच्या तळाला ऑइलचं पत्र्याचं तसराळं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते गळायचं. कंपनीच्या आवारात नवं काँक्रीट झालं आणि गेटवरचे सुरेंद्रसाहेब डागांवरून माझ्या मागे लागले.

“शुक्रवारी सकाळी गाडीखाली पेपर अंथरणार,” ते म्हणाले. “पंधरा मिनिटांत एक जरी थेंब पडला, तरी तुमची गाडी बंद.”

मी काय कमी प्रयत्न केले होते? तीन महिन्यांत तीन वेळा चेंबर आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग बदललं. पान्याला हातभर पाइप लावून बोल्ट असे आवळले की अंगाला घाम फुटला. तरी गळती वाढतच गेली. दर वेळी मी पिंपरी कॅम्पातल्या नानासाहेबांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, कुजका माल विकता म्हणून त्यांचा उद्धार करायचो.

बुधवारी दुपारी चौथं पॅकिंग मागायला गेलो, तर त्यांनी हातच जोडले.

“मिळणार नाही. आधी चेंबर काढून आणा.”

माझं डोकं सणकलं, पण शुक्रवार समोर दिसत होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी. सकाळी चेंबर खोलला, खांद्यावर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि कंडक्टरची बोलणी खात तिथून एसटीने कॅम्पात आलो.

नानासाहेबांनी काउंटरची काच पुसली आणि चेंबर तिच्यावर पालथा ठेवला. मग माझ्या खिशातून डोकावणारं एसटीचं तिकीट ओढून चेंबरच्या काठाखाली सरकवलं. ते सरळ आत गेलं. दुसरीकडे सरकवलं, तिथेही गेलं.

“पैलवान, हे तुम्ही केलंय,” ते म्हणाले. “इतकं आवळलंत की बोल्टाच्या भोकांपाशी पत्रा वर उचलला. मधे फट राहिली. तिला कुठलं पॅकिंग पुरणार?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने मी या माणसाला चोर ठरवलं होतं.

त्यांनी नवं पॅकिंग दिलं, शिवाय एक पाना दिला, वीतभरही नसेल. “सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग समोरासमोरचे थोडे थोडे. पाना दोन बोटांत धरायचा. इंजिन तापलं की पॅकिंग दबतं, तेव्हा परत एकदा, तेवढंच.”

घरी रुळाच्या तुकड्यावर चेंबर धरून एकेका भोकापाशी उचललेला पत्रा ठोकून सपाट केला. सोजराबाईंचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्यावर काठ तपासला. तेच तिकीट कुठेही शिरेना, तेव्हा दुपार कलली होती. बोल्ट लावताना हात सारखा पाइपकडे जायचा.

“ह्यो पाइप माज्याकडंच ऱ्हाईल,” म्हणत सोजराबाईंनी तो उचलून घरात नेला.

शुक्रवारी गेटवर गाडी थांबली. चौदाही जण उतरले. पेपर अंथरला गेला, इंजिन चालूच होतं. दहा मिनिटं काही नाही. मग कोपऱ्यातल्या बोल्टाखाली एक थेंब जमू लागला.

“बघा, आलाच,” सुरेंद्रसाहेब वाकून म्हणाले.

“सायेब, एकदा पाना लावू द्या.”

“लावा. पण थेंब पुसायचा नाही.”

मी गाडीखाली शिरलो. सगळं अंग म्हणत होतं, आवळ. खांदा फुगला, मनगट ताठ झालं. मी दात आवळले आणि पाना दोन बोटांत धरून जरासा फिरवला. तेवढ्यावर हात मागे घेतला. उभ्या आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

भोंगा झाला. चौदा जोडी पाय गाडीभोवती तसेच उभे.

“आत जा की रं, हजेरी कापत्याल,” मी खालून ओरडलो.

“आदी तुजी गाडी, मग आमी,” रंगराव म्हणाला. तो त्यांच्यात सगळ्यात वयस्कर.

थेंब लोंबत राहिला. वाढला नाही, पडला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कोरा पेपर ओढून घेतला आणि म्हणाले, “घ्या गाडी आत.”

पाय पळत गेले. मी तसाच पडून रडलो. गुडघा मोडला तेव्हासुद्धा रडलो नव्हतो.

त्याच दुपारी कॅम्पात गेलो. दुकानात गर्दी होती, ते बरंच झालं. सगळ्यांसमोर मी नानासाहेबांचे पाय धरले.

ते अवघडले. “पुरे, पुरे. माझा पाना आणलात का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “त्यो मला लागंल.”