मोठा बॉक्स

पाण्याच्या टाकीजवळचं ते लांबलचक उजवं वळण आलं आणि गाडीला पुन्हा उचकी लागली. सलग सातव्या लॅपमध्ये. ठिणगीने हेल्मेटच्या आत अशी शिवी हासडली, की ती बाहेर कुणाला ऐकू गेली नाही हेच बरं झालं.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ट्रॅकवर तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. राग कायम नाकावर. लोक म्हणायचे, हिला चिडायला कारण लागत नाही. त्या दिवशी मात्र कारण होतं, चांगलं खणखणीत होतं, आणि ते नीट सांगायलाच हवं.

गाडी लहानशी. लोक बाजारहाटाला नेतात तसली, फक्त मागची सीट काढून आत लोखंडी पिंजरा बसवलेला. इंजिन एवढंसं. एवढ्याशा इंजिनात जोर कुठून येणार? तर तो येतो फेऱ्यांतून. ते सतत वरच्या फेऱ्यांवर ठेवायचं, ओरडू द्यायचं. सात हजारांच्या पुढे गेलं की लिमिटर पेट्रोल तोडतो, इंजिन फुटू नये म्हणून. इंजिन फुटत नाही, पण गाडी ढॅक ढॅक उचक्या देते आणि प्रत्येक उचकीला वेळ जातो. टाकीच्या वळणात नेमकं हेच व्हायचं. तिसरा गिअर बरोबर वळणाच्या मध्यावर संपायचा. चौथा टाकावा म्हटलं तर गाडी एका अंगावर झुकलेली, स्टिअरिंगवरून हात काढायची सोय नाही, आणि टाकलाच तरी चौथ्यात जीव नाही. तिसऱ्यात उचक्या, चौथ्यात पेंग. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

आणि त्या घोड्याला पेंड खायला नेमका हाच दिवस सापडला होता. टीमच्या मालकांकडे गाडी एक, सीझनभर ती चालवायची सीट एक, आणि माणसं दोन: ठिणगी आणि मालकांचा सख्खा भाचा. संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचा लॅप वेगवान, त्याची सीट. भाचेबुवा सकाळीच एक मिनिट साडेचोवीस सेकंदांचा लॅप मारून, पाय लांब करून चहा पीत बसले होते. ठिणगी पंचविसावर अडकली होती. गेली चार वर्षं ती इकडची तिकडची, कुणी आजारी पडलं की त्याची, अशी सीट पकडून चालवत आली होती. वय बत्तीस. ही सीट गेली तर पुढच्या वर्षी तिला कोण विचारणार होतं?

बरं, गंमत पाहा. भाचा त्या वळणात भीत भीत शिरायचा, म्हणून त्याला तिसरा गिअर वळणाबाहेर पडेपर्यंत पुरायचा. ठिणगी बेधडक शिरायची, म्हणून तिचा मधेच संपायचा. म्हणजे चांगलं चालवण्याची शिक्षा. डोक्यात तिडीक जाईल नाहीतर काय होईल?

त्यात भर घातली दादाने. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि मालकांच्या टीमचा गिअरबॉक्स मिस्त्री. हाताने सोनं, तोंडाने कडू. गाड्या आत येऊन थांबतात त्या पिट लेनच्या भिंतीला टेकून त्याने लिमिटरचा आवाज ऐकला, आणि मालकांनी विचारलं तेव्हा खांदे उडवून सांगितलं, की तिला कान नाही, गिअर कधी बदलायचा ते कळत नाही, लहानपणापासून तसंच आहे. हे तिच्या कानावर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. टीममध्ये एखादा पाना हरवला तर दोन दिवस सापडत नाही, पण असलं बोलणं बरोबर घरपोच होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती गॅरेजमध्ये आली ती दातओठ खातच. दादा जमिनीवर बसून हात पुसत होता. मालक तिथेच, भाचाही तिथेच. तिने वळण, तिसरा, चौथा, सगळं घडाघडा सांगितलं आणि म्हणाली, गिअरबॉक्स बदलायचा, मोठा लावायचा. मालकांनी घड्याळ पाहिलं. दोन तासांचं काम, पण होण्यासारखं होतं. दादा काहीतरी बोलायला गेला, "अगं, पण मोठा म्हणजे..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"दादा, जन्मभर तुझंच ऐकत आले," ती म्हणाली. "आज तोंड बंद ठेव आणि मी सांगते तेवढं कर. मोठा बॉक्स लाव."

भाचा कपात तोंड खुपसून हसला. दादाचे कान लाल झाले. तो उठला, गाडी जॅकवर घेतली आणि कामाला लागला, तोंडात मिठाची गुळणी धरून. दोन तासांत त्याने हेल्परला पान्याचे नंबर सोडून एक शब्द सांगितला नाही. ठिणगीला वाटलं, चला, एकदाचा ऐकायला शिकला.

साडेतीनला ती बाहेर पडली. सरळ पट्ट्यावरच काहीतरी चुकलंय हे तिला कळलं. गिअर भराभर संपत होते. दुसरा टाकतेय न टाकतेय तोवर गाडी तिसरा मागत होती, आणि टाकीचं वळण अजून चांगलं लांब होतं तेव्हाच तिसऱ्यातल्या उचक्या सुरू झाल्या. आधी वळणाच्या मध्यावर यायच्या, आता वळणाच्या आधीच. दुसऱ्या लॅपलाही तेच. हवं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं होतं.

ती गाडी आत घेऊन आली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून टायरच्या थप्पीवर आपटलं आणि दादासमोर जाऊन उभी राहिली. काय लावलंस, म्हणून विचारलं. दादाने कोपऱ्यातल्या रॅककडे बोट केलं. तिथे तीन बॉक्सच्या तीन जागा होत्या, प्रत्येकीखाली खडूने लिहिलेलं. छोटा, मधला, मोठा. मोठ्याची जागा रिकामी होती.

तिला सगळं उमजायला एक क्षण पुरला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ही भाषा त्यांच्या वडिलांची, अण्णांची. अण्णांच्या वर्कशॉपमध्ये मोठा म्हणजे ज्याचं आतलं क्राउन, चाकांना जोर देणारं शेवटचं दातेरी चक्र, मोठं, जास्त दातांचं. त्याने गाडी चटकन उठते आणि चटकन दमते. ड्रायव्हर लोकांत मोठा म्हणजे अगदी उलट: लांब पळणारा, लवकर न संपणारा. अण्णांच्या हाताखाली दोघंही वाढली होती. पण चार वर्षं ड्रायव्हरांत राहून तिच्या जिभेवर त्यांचा मोठा बसला होता, आणि दादाच्या रॅकवर अजून अण्णांचाच होता. तिला हवा होता तो बॉक्स तिथे खाली धूळ खात पडला होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, छोटा.

"मला काय हवं होतं ते तुला कळलं होतं?" तिने विचारलं.

"कळलं होतं."

"मग?"

"तोंड बंद ठेव म्हणालीस."

तिचा हात उठायचाच बाकी होता. दोन तास. दोन तास हा माणूस गाडीखाली पडून, प्रत्येक बोल्ट मापात आवळत, ठाऊक असलेली चूक मन लावून बसवत होता. आणि ती? तिने विचारलंही नव्हतं. त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तरी निभावलं असतं. हे मनात आलं तेव्हा ती आणखीनच भडकली, कारण आता राग एकट्या दादावर काढायची सोयही राहिली नव्हती. पुन्हा बॉक्स बदलायला वेळ नव्हता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती वळली, हेल्मेट उचललं आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर जे झालं ते काही तिने डोकं चालवून केलं असं म्हणता येणार नाही. तिला फक्त ती उचकी ऐकायची नव्हती. तो आवाज आता तिच्या डोक्यात गेला होता. म्हणून टाकीचं वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच, तिने तिसऱ्याला रामराम ठोकला आणि चौथा टाकला. हो ना, संपतोयच तर आधीच सोड मेल्याला. आणि चौथ्यात पेंगायच्या तयारीने तिने वळण घेतलं.

गाडी पेंगली नाही. या बॉक्समध्ये सगळेच गिअर आखूड, तसा चौथाही आखूड, आणि म्हणून त्याच्यात दम होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पूर्ण खाली, आणि अख्खं वळण एका चौथ्यात. ना उचकी, ना मधे बदलाबदली. मुख्य पट्ट्याच्या शेवटी पाचवा संपून थोडं नुकसान व्हायचं, ते झालं. पण टाकीपाशी जे मिळत होतं ते त्याहून जास्त होतं. तिसऱ्या लॅपला तिने ब्रेक आणखी उशिरा मारला. चौथ्याला तर वळणात शिरताना मागचं चाक सुटतंय असं वाटलं आणि तिने पाय उचलला नाही. वेळ घेणाऱ्या बाईंनी भिंतीवरून पाटी दाखवली: एक मिनिट, चोवीस सेकंद, वर दोन दशांश.

ती आत आली तेव्हा मालक हसत होते. त्यांनी येऊन आधी दादाची पाठ थोपटली. काय बॉक्स निवडलास, म्हणाले, मानलं तुला. दादा जमिनीकडे पाहत राहिला. ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती काही बोलायच्या आत मालकांनी पुढचं सांगितलं. भाच्याचा लॅप जुन्या बॉक्सवरचा, हिचा नव्यावरचा, तेव्हा न्याय म्हणून त्यालाही याच बॉक्सवर चार लॅप द्यायला हवेत. सकाळी तिचा लॅप मागे होता तेव्हा हा न्याय कुठल्या खिशात होता कोण जाणे. भाचेबुवा हातमोजे चढवत गाडीशी आलेसुद्धा.

"टाकीपाशी कुठे काय टाकतेस ते त्याला सांग," मालक तिला म्हणाले.

"नाही सांगणार."

मालकांचा चेहरा पडला. टीममध्ये असं चालत नाही, असं ते म्हणाले, टीममध्ये लपवाछपवी नसते.

"टीममध्ये घ्या, मग सांगते," ती म्हणाली. "सीट दिलीत की सगळं सांगते. तोवर मी टीममध्ये कुठे आहे?"

मालकांनी दादाकडे पाहिलं. भिंतीवरून त्याने चारही लॅप ऐकले होते आणि कुठे कोणता गिअर पडला ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. ते मालकांनाही ठाऊक होतं, म्हणूनच ते त्याच्याकडे वळले होते. दादाने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"मी बॉक्स बांधतो," तो म्हणाला. "गाडी ती चालवते. आणि हा बॉक्स मी निवडलेला नाही, मालक. चुकून लागलाय. त्याच्यावर लॅप काढला तो तिने."

भाचा न विचारताच गेला. चारही लॅप त्याने टाकीच्या वळणात भीत भीत, तिसऱ्यातच नेले, आणि आता त्याचाही तिसरा बरोबर मध्यावर संपत होता. ढॅक ढॅक आवाज पार गॅरेजपर्यंत ऐकू येत होता. शेवटच्या लॅपला त्याने वळणातच गिअर बदलायचा प्रयत्न केला आणि गाडी गवतात घातली. पंचविसाच्याही वर गेला. पाच वाजले. मालक म्हणाले, ठीक आहे, सीट तिची, आणि भाच्याला शोधायला निघून गेले. अभिनंदन वगैरे काही नाही.

गॅरेजमध्ये दोघंच उरली. इतक्या वर्षांनी सीट मिळाली होती आणि ठिणगीला नाचावंसं सोडाच, बसावंसंही वाटत नव्हतं. तिने दादाला पुन्हा विचारलं. तोंड बंद ठेव म्हटलं हे ठीक, पण तू काही लहान पोर नाहीस. खरं काय ते सांग.

दादाने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. मग म्हणाला, "तू सगळ्यांसमोर चुकावीस असं मला वाटत होतं. एकदा तरी."

"सीट गेली असती माझी."

"हो. तेही कळत होतं."

त्याने ते नरम आवाजात सांगितलं नाही, की माफी मागितली नाही. निदान खोटं तरी बोलला नाही, हे तिला नंतर कधीतरी जाणवलं असेल. त्या घटकेला तिला एकच दिसत होतं: टाकीचं वळण, चौथा गिअर, सुटू पाहणारं मागचं चाक, आणि गाडीला जोर पोचवणारा प्रत्येक दात या माणसाच्या हातचा.

"या सीझनला माझा बॉक्स दुसरा मिस्त्री बांधेल," ती म्हणाली. "मालकांना मी उद्या सांगते."

दादाने मान हलवली. बरोबर आहे, म्हणाला. मग तो रॅककडे गेला आणि छोटा लिहिलेला बॉक्स बाहेर ओढू लागला, दुपारी तिने खरं तर मागितला होता तोच जायच्या आधी लावून द्यावा म्हणून. पण गिअरबॉक्स ही एकट्याने उचलायची वस्तू नव्हे. तो अर्धवट बाहेर आला आणि कलंडायला लागला. ठिणगीचा राग अजून उतरला नव्हता. तिने जाऊन दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी एकमेकांकडे न पाहता तो गाडीपर्यंत नेला.