केसाळ दगडाची वाटणी

विहिरीच्या काळ्या पाषाणाला सुरुंग लागला आणि पाण्याआधी भांडण वर आलं. फुटल्या कपारीतून कलिंगडाएवढा दगड निघाला. आत पोकळ, आणि त्या पोकळीत तान्ह्या बाळाच्या जावळासारखे पिवळेधमक केस.

"सोनं हाय," थोरला बसवराज म्हणाला. "आन् हीर माज्या बांधाला हाय."

"हीर सामाईक हाय की. जल्मताना बगलेत घिऊन आल्तास व्हय?" धाकट्या सोमलिंगनं मोबाईलवर दगडाचा फोटो काढत विचारलं.

सांजेपर्यंत बोलणं चुली वेगळ्या करण्यावर आलं. त्यांची आई चन्नम्मा चुलीपुढनं उठून आली. लहानपणी भाकरीचा तुकडा कमीजास्त झाला की दोघंही असंच भोकाड पसरायचे. आता मिशा आल्या होत्या. अक्कल वाटेत कुठं बसली होती, देव सिद्रामालाच ठाऊक.

"घण आना," ती म्हणाली. "एकानं फोडायचं, दुसऱ्यानं आदी उचलायचं. भाकरीवानी."

बसवराजनं फोडला, सोमलिंगनं आधी आपली फाक उचलली. निम्मं जावळ मातीत सांडलं. पण वाटणी कशी, तोलून घ्यावी अशी.

फोटो मात्र फिरत फिरत सोलापुरात जालिंदरकडं पोचला. तो दुर्मीळ दगडांचा व्यापारी. गाडी काढून धावतच आला आणि दोन फाकांपुढं मयताला आल्यासारखा बसला. सांडलेला एक केस त्यानं फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला. काळपट हिरवी रेघ उमटली.

"सोनं नाही. सोन्याची रेघ पिवळी येते. हा निकेल आणि गंधकाचा खडा. पण असे केस लई क्वचित सापडतात. फोटोतल्यासारखा अख्खा असता, तर दारात ट्रॅक्टर उभा राहिला असता."

"आन् आता?" बसवराजनं विचारलं.

"आता पोरांना खेळायला द्या."

"झालं ते ब्येस झालं," चन्नम्मा म्हणाली. "भाकरी मोडती, दगूड फुटतो. ट्रॅक्टर मधनं कसा फोडला असता मी? त्यापायी ही दोगंच फुटली असती."

तिचं बोलणं संपतंय तोवर मागं सुरू झालंच.

"घाव तू घातलास."

"घण कुनाचा हुता?"

"अव्वानं सांगितलं म्हनून..."

"भांडा की," चन्नम्मानं दोघांच्या हातात पहार आणि टोपली दिली. "पर हिरीत उतरून भांडा. राडारोडा तरी वर यील."

उन्हं कलेपर्यंत विहिरीतून एक टोपली दगडांची, एक शिव्यांची, अशा आळीपाळीनं वर येत राहिल्या. चन्नम्मा काठावर कान देऊन बसली होती. शेवटच्या टोपलीतनं पाणी ठिबकत होतं, आणि आता खालून येणाऱ्या शिव्याही जरा ओल्या वाटत होत्या.