बासष्टावे पान

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. ओल खाऊन माझे पोट फुगले आहे, आणि एवढी वर्षे झाली तरी अंगाचा डांबराचा वास गेलेला नाही. वहीला कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटात एक अख्खे गाव झोपलेले आहे. समुद्रावरचे धुके वर चढून खिडकीला टेकले, की आतली नावे कूस बदलतात. मग मलाही झोपेत असल्यासारखे वाटू लागते, आणि जुने दिवस एकातून एक उलगडत जातात.

मला घडवले ते अलेक्झांडर गेडिसने. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पोर्टलॅरी गावात तो शिडे शिवायचा. गावातली काही माणसे मोठ्या चर्चशी भांडून बाहेर पडली होती आणि त्यांनी टेकडीवर आपले वेगळे चर्च बांधले होते. चर्च झाले, पण बाप्तिस्मे आणि मृत्यू लिहायचे कशात? गेडिसने कोरे कागद आणले, फाटक्या शिडाचे कापड बेतले, दोऱ्यावर मेणाचा गोळा फिरवला आणि मला शिवून टाकले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने आकडाही घातला.

"हिला वादळात फेकलंस तरी शिवण उसवायची नाही, जेनेट," तो बायकोला म्हणाला.

"वही आहे ती. मासे धरायला नेणार आहेस का तिला?" जेनेट म्हणाली.

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. गावातली बाळे आधी माझ्याकडे यायची, मग जगात जायची. गावात निम्मे लोक मेअर आडनावाचे होते. विल्यम मेअर म्हणून हाक मारली तर पाच होड्यांतून पाच माना वर व्हायच्या. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असे आणि गेडिस तेही माझ्यात लिहून ठेवी. त्यातला एक विल्यम वल्ही मारताना सारखा शीळ घालायचा, म्हणून त्याच्या घराला सगळे चंडोल म्हणत. त्याची बायको हेलन स्लेटर. आमच्याकडे लग्न झाले तरी बाईचे नाव कागदावर तिचेच राहते.

चंडोलांची पहिली मुलगी इसोबेल. पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव द्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. ती दोन वर्षांची असताना घटसर्पाने गेली. माझ्या चोपन्नाव्या पानावर गेडिसने ते लिहिले आणि नंतर बराच वेळ लेखणी पुसत बसला.

पुढच्या वर्षी हेलन पुन्हा तान्ही मुलगी घेऊन आली.

"नाव काय लावू?" गेडिसने विचारले.

"दुसरं काय लावणार? इसोबेल. आईचं नाव खाली पडू देईन होय मी?"

गेडिसने मान हलवली. आमच्या किनाऱ्यावर कुणाला यात नवल वाटत नसे. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला द्यायचे, म्हणजे आजी घरातच राहते. त्याने बासष्टाव्या पानावर लिहिले: इसोबेल, विल्यम मेअर चंडोल आणि हेलन स्लेटर यांची मुलगी, आजीच्या आणि देवाघरी गेलेल्या बहिणीच्या नावाने. शाई सुकावी म्हणून त्याने मला शेगडीपाशी उघडे ठेवले आणि पान उडू नये म्हणून वर मेणाचा गोळा ठेवला. तेवढ्यात किनाऱ्यावर ओरडा झाला. हेरिंग माशांनी भरलेल्या होड्या परत आल्या होत्या. गेडिस तसाच धावला. परत आला तो खवल्यांनी माखलेला आणि आनंदात. गोळा वितळून पानात मुरला होता, ते त्याने पाहिलेच नाही. त्याने मला मिटले.

रविवारी त्याच्या लक्षात आले. बासष्ट आणि त्रेसष्ट ही पाने समोरासमोर घट्ट चिकटली होती.

"मग ओढ की जोर लावून," जेनेट म्हणाली.

"ओढलं तर आतली पोरं फाटतील गं. सवड झाली की सावकाश सोडवीन."

ती सवड त्याला कधी मिळालीच नाही. अकरा मुले माझ्यात बंद राहिली. ती बाहेर मोठी झाली, होड्यांवर गेली, लग्ने करून बसली. माझ्यात मात्र ती तान्हीच राहिली.

दुसरी इसोबेलही मोठी झाली. वेल्सहून कौलांचे दगड घेऊन येणाऱ्या जहाजाचा कप्तान ग्रिफिथ पेन्री तिला भेटला, आणि ती त्याच्याबरोबर आबेरकेरू नावाच्या बंदरावर राहायला गेली. हे मी धक्क्यावरून येणाऱ्या गप्पांतून ऐकले.

ते पान चिकटून चाळीस-बेचाळीस वर्षे झाली असतील. गेडिस गेला होता, विल्यम आणि त्याचे मुलगे समुद्राने नेले होते, हेलनही उरली नव्हती. चर्चला शहरातून नवे धर्मगुरू आले होते. एके दिवशी त्यांना वेल्सहून पत्र आले. इसोबेल वारली होती. थडग्याच्या दगडावर जन्मतारीख कोरायची होती, म्हणून नणंदेने ती विचारली होती. धर्मगुरूंनी मला काढले, चोपन्नाव्या पानावर बोट ठेवले, "अरेच्चा!" म्हणाले आणि मला मिटले. मग उत्तर लिहिले: या नावाची मुलगी दोन वर्षांची असतानाच वारली आहे.

मित्रांनो, मी खोटे बोलले नव्हते. पण अर्धेच बोलले होते, आणि त्या अर्ध्या बोलण्याने एका बाईचे नाव गेले. बाहेर बसलेल्या कुठल्याही म्हातारीला त्यांनी विचारले असते, तर तिने हसत सांगितले असते. त्यांनी विचारले नाही, आणि माझे तोंड मेणाने बंद होते.

पुढे चर्च बंद पडले. मी एका कपाटात गेले. वर भजनांची पुस्तके, खाली उंदरांचा संसार. सरकारने मोठ्या चर्चच्या वह्या राजधानीत नेल्या, पण आम्हा फुटून निघालेल्यांना कुणी विचारले नाही. किती वर्षे गेली, मला सांगता येत नाही. ओल आली, ऊन आले, पुन्हा ओल आली. स्वप्नात मला जहाज दिसायचे. त्यावर एक मुलगी उभी असायची आणि मागे वळून विचारायची, माझे नाव कुठे आहे?

मग युफी कावी आली. ऐंशी वर्षांची, जाळी विणून बोटे वाकडी झालेली. गावाच्या सभागृहात तिने जुन्या कागदांची खोली मांडली आणि मला फडक्याने पुसून टेबलावर ठेवले. बुधवारी आणि शनिवारी ती दार उघडायची. कुणी आजोबा शोधायला येई, कुणी नुसताच चहा प्यायला.

एका शनिवारी वेल्सहून एक बाई आली. वय सत्तरीच्या पुढे, ओला रेनकोट, हातात पिशवी. नाव कॅट्रिन रोलंड्स.

"मला माझ्या पणजीला शोधायचं आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे तिला खोटारडी म्हणतात."

"बस आधी. पाव घे, वर धुरावलेला मासा आहे. खोटारड्यांची गोष्ट रिकाम्या पोटी ऐकत नाही मी," युफी म्हणाली.

कॅट्रिनने पिशवीतून एक फोटो काढला. काळा दगड, त्यावर लिहिलेले: कॅप्टन ग्रिफिथ पेन्री आणि त्याची पत्नी. बस्, एवढेच.

"इथल्या धर्मगुरूंचं पत्र आलं होतं, की इसोबेल मेअर लहानपणीच मेली. मग सगळे म्हणाले, हिने मेलेल्या पोरीचं नाव चोरलं, काहीतरी लपवून आली असणार. नाव कोरलंच नाही. आता आमचं चॅपल, म्हणजे तिथलं छोटं चर्च, विकतायत. पुढच्या महिन्यात थडग्यांची यादी होईल. दगडावर नाव नसेल तर यादीत अनामिक स्त्री असं लिहिणार. पाथरवट तयार आहे, पण पुरावा आणा म्हणतो."

युफीने चोपन्नावे पान उघडले. इसोबेल, वय दोन वर्षे. कॅट्रिनचा चेहरा उतरला.

"म्हणजे खरंच होतं ते."

"थांब गं. घरात अजून काय सांगायचे तिच्याबद्दल?"

"काय सांगणार? आजी म्हणायची, आई आम्हाला चंडोलाची पिल्लं म्हणून हाक मारायची. आणि एक विचित्र गोष्ट सांगायची. लहानपणी तिची आई तिचंच नाव घेऊन रडायची. ही समोर उभी असायची तरी. सगळे म्हणायचे, बघा, हेसुद्धा रचलेलं."

युफीच्या हातातला कप खाली आला. 

"माझी आईसुद्धा असंच करायची," ती म्हणाली. "मी दुसरी युफेमिया आहे. पहिली माझ्या आधी गेली. आई हाक मारायची तेव्हा मला कळायचं नाही, कुणाला बोलावतेय. अगं, तुझी पणजी चोर नव्हती. ती दुसरी इसोबेल होती!"

दोघींनी पुढची पाने उलटली. पंचावन्न, साठ, एकसष्ट. मग चौसष्ट. युफीने पुन्हा मागे उलटून पाहिले आणि पान चिमटीत धरले.

"हे जाड लागतंय. चिकटलंय इथं. आण गं ती सुरी."

सुरी माझ्या कडेला टेकली. तेवढ्यात कॅट्रिनने तिचा हात धरला.

"नको. फाटलं तर?"

"महिनाच आहे ना तुझ्याकडे?"

"शंभरावर वर्षं थांबली आहे ती. घाईनेच तिचं नाव गेलं, आता घाई नको."

हे ऐकून मला गेडिसची आठवण आली. मी शाईची असते तर त्या क्षणी विरघळले असते.

मला ॲबर्डीन शहरात नेले. तिथे कागद दुरुस्त करणाऱ्या एका मुलीने पानांवर टिपकागद ठेवून हलकी ऊब दिली. टिपकागद मेण पीत गेला. हाडाची पातळ पट्टी ती केसाएवढी सरकवी आणि थांबे. तीन आठवडे लागले. एक अक्षरही फाटले नाही, आणि अकरा मुलांनी उजेड पाहिला.

कॅट्रिन परत आली. बासष्टावे पान तिने आधी मनात वाचले, मग मोठ्याने. चंडोल या शब्दाशी आली आणि तिने त्यावर बोट ठेवले. उरलेली ओळ युफीने वाचली, "आजीच्या आणि देवाघरी गेलेल्या बहिणीच्या नावाने." मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून रडल्या. मलाही रडायचे होते, पण ओल मला सोसत नाही.

महिना भरायला दोन दिवस असताना दगड कोरला गेला. मी तो पाहिला नाही. पण कॅट्रिनने दगडावर कागद ठेवून कोळसा घासला आणि उमटलेला ठसा पाठवला. त्यावर लिहिले आहे: इसोबेल मेअर, पोर्टलॅरीच्या चंडोलांची. युफीने तो बासष्टाव्या पानात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वह्या असतील, माळ्यावर, ट्रंकेत, ओलीत पडलेल्या. त्यांना ऊन दाखवा, पण कडक नको. चिकटलेले पान ओढू नका. आणि एका पानावर कुणाबद्दल वाईट वाचलेत, तर वही लगेच मिटू नका. आम्हाला सगळे सांगायचे असते, पण आम्हाला स्वतःहून पान उलटता येत नाही.

आज पुन्हा धुके आले आहे. पहिली इसोबेल चोपन्नाव्या पानावर आहे, दुसरी बासष्टाव्या. आईने दोघींना एकाच नावाने हाक मारली, आणि दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नाही. मी मिटलेली असते तेव्हा त्या बहिणींच्या मध्ये फक्त चार कागद असतात.