राखून ठेवलेली दोन कार्डं

निलेश गेल्याला पंचवीस दिवस झाले होते, तेव्हा कॉम्प्युटरच्या दुकानातल्या भाईंचा समीक्षाला फोन आला. २००९चा मार्च होता. भाई आधी नुसतेच खाकरत राहिले. मग आनंदीबाईंची, म्हणजे तिच्या सासूची, चौकशी झाली, समीक्षा वेळेवर जेवते का ते विचारून झालं, आणि शेवटी ते म्हणाले, "वहिनी, निलेशान दोन ग्राफिक्स कार्डां मागवून ठेवल्यान होती. दोनांतला एक तो बघून निवडतलो होतो. दुसरा शनिवारी कोल्हापुराक परत धाडूक होया. माका सांगूक बरा वाटणा नाय, पण..."

"येतंय," समीक्षा म्हणाली.

नाही म्हणायला कारण सुचलं नाही, एवढंच. इतके दिवस तिचं सगळं असंच चाललं होतं. कोणी जेव म्हटलं की जेवायची, कोणी जरा पड म्हटलं की पडायची. दांडीच्या किनाऱ्यावरच्या बायका येऊन तिच्या गळ्यात पडून रडून गेल्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि कोणाच्या पोलक्याची शिवण उसवलीय ते तिच्या बोटांना कळत राहिलं. रडू आलं नाही. "धक्क्यान असा होता," शेजारची शेवंती म्हणाली होती. समीक्षाला धक्काही जाणवत नव्हता. झोपेत अंगाखाली सापडलेला हात बधिर होतो, आपला असून आपला वाटत नाही, तशी ती अख्खीच झाली होती.

निलेश ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. छत्तिसाव्या वर्षी, भर सकाळी, जेटीवर बर्फाची लादी उचलताना छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की दोन महिने तो गावातल्या भरड नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेम खेळत बसे. तिथंच बँकेतल्या स्वरूपशी त्याची दोस्ती झाली आणि तिथंच भांडणही जुंपलं. निलेश जीफोर्सवाला, स्वरूप रेडिऑनवाला. गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारं कुठलं कार्ड चांगलं, यावर दोघं चहा गार होईपर्यंत हमरीतुमरीवर यायचे. दोघांपैकी एकाकडेही स्वतःचं कार्ड नव्हतं, तरी ते भांडण पाच वर्षं पुरलं. मग निलेशने गेमसाठी स्वतःचा कॉम्प्युटर जोडायला घेतला. एकदा मदरबोर्ड आला, दोन महिन्यांनी रॅम. वर्षभरात सगळं जमलं. कार्ड तेवढं राहिलं.

समीक्षा दुकानात पोचली तेव्हा स्वरूप तिथं आधीच बसलेला होता. भाईंनीच बोलावलं असणार. तिला पाहून तो उठला, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. भाईंनी काउंटर पुसून दोन खोकी मांडली.

"वहिनी, जीफोर्सच घेवा," स्वरूप म्हणाला. "निलेशाक ताच होया होता."

"तुमी तर दुसऱ्या बाजूचे."

"ता भांडाण होता, वहिनी. आता कोणाशी भांडू?"

भाईंनी दोन्ही खोकी उघडली. जीफोर्सचं कार्ड लांबलचक आणि जाड होतं, रेडिऑनचं आखूड. ती दोन्हींकडे बघत राहिली. बाजारातून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"ह्येका वायरी किती लागतत?" तिने विचारलं.

"खंयच्या वायरी?" भाई गोंधळले.

"पावर सप्लायवरसून येतत त्या. सहा टोकांच्या."

"लांबवाल्याक दोन. आखूड आसा तेका एक."

"आमच्या सप्लायाक एकच आसा. आणि ता लांब कार्ड आमच्या कॅबिनेटात बसाचा नाय. हार्डडिस्कच्या पिंजऱ्याक लागतला. एक वीत नि तीन बोटां, तितकीच जागा आसा."

भाई आणि स्वरूप एकमेकांकडे बघायला लागले. हे सगळं आपल्याला कसं ठाऊक, ते समीक्षालाही पटकन कळलं नाही. मग आठवलं. संध्याकाळी ती मासे साफ करायची आणि निलेश दारात बसून बोलत असायचा. वॉट, मेमरी, पंख्याचा आवाज. ती नुसतं हूं हूं करायची. एकदा त्याने तिला कॅबिनेटच्या आत बॅटरी धरायला लावली होती, आणि टेप सापडेना म्हणून तिच्याच हाताने माप घेतलं होतं. माशांचा वास लागेल म्हणून आधी हात साबणाने दोनदा धुवायला लावला होता. आपलं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं असं तिला वाटायचं. सगळं लक्ष होतं. आता छातीत काहीतरी वर येईल म्हणून ती थांबली. काही आलं नाही.

"पिंजरो करवतीन कापूक येता," स्वरूप हळूच म्हणाला. "वायरीक जोड पण मेळता. निलेशान तसाच केल्यान असता."

"केल्यान असता," समीक्षा म्हणाली. "मी कापूचंय नाय. ह्या आखूड द्या."

रविवारी दुपारी स्वरूप कार्ड बसवायला आला. आनंदीबाई मागच्या पडवीत जाऊन बसल्या. निलेशच्या कॉम्प्युटरच्या खोलीकडे त्या अजून बघत नव्हत्या. कार्ड बरोब्बर बसलं, एक वायर होती ती लागली, पंखे फिरले. निलेशने आणून ठेवलेल्या गेमच्या सीडींतली एक स्वरूपने घातली. पडद्यावर घाटाचा रस्ता आला, कडेला झाडं, मध्ये लाल गाडी.

"चलवा," स्वरूप म्हणाला.

समीक्षाने बटण दाबलं. गाडी सरळ कठड्यावर जाऊन आदळली. तिने मागे घेतली, पुन्हा आदळली. तिसऱ्या वेळेला वळण जमलं. ते जमल्याचं तिला काही वाटलं नाही. पुढचं वळण आलं, तेही तिने घेतलं.

स्वरूप पडद्याजवळ वाकून बघत होता. "बरा दिसता," तो म्हणाला. "पण जीफोर्स असता तर सावल्यो आणखी बऱ्यो दिसल्यो असत्यो."

"कसल्यो सावल्यो?"

"झाडांच्यो."

"एवढ्या जोरात पळताना झाडाची सावली कोण बघता?"

"तसा नाय, वहिनी. ज्याका कळता तेका—"

"माका कळता. दोन वायरींका वीज खंयसून आणलास असती? बर्फाची फॅक्टरी चालू झाली काय आमचो बल्ब मिणमिणता."

आता स्वरूपलाही राहवेना. तो स्टॅबिलायझरवर आला, ती खोलीतल्या उकाड्यावर गेली. तो म्हणाला, नुसत्या मापावरून कोणी कार्ड घेतं का. ती म्हणाली, मग काय खोक्यावरचं चित्र बघून घ्यायचं? तो निलेशची बाजू लढवत होता आणि ती स्वरूपचीच जुनी. कॅफेतून आल्यावर निलेश त्याची नक्कल करून जी वाक्यं ऐकवायचा, तीच ती स्वरूपच्या अंगावर फेकत होती. एका वाक्याला तो हसला. ती थांबली नाही. लाल गाडी मध्येच उभी होती आणि समीक्षाचा आवाज माजघरापर्यंत चढला होता.

आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झाला गो? कोणाशी भांडतंस?"

"कोणाशी नाय," समीक्षा म्हणाली. तिचे कान तापले होते.

स्वरूप चहा पिऊन गेला. थोड्या वेळाने कान निवले, आणि मग पहिल्यासारखंच झालं. त्याने दाखवलं होतं तसा तिने कॉम्प्युटर बंद केला, वर जुनी साडी टाकली आणि चुलीपाशी आली.

"परत येतलो तो?" आनंदीबाईंनी विचारलं.

"पुढच्या रविवारी. सावल्यांचा काय ता करून बघतलो म्हणालो."

"मगे तेका जेवूकच सांग."

"बरा."

आधण उकळत होतं. निलेश गेल्यापासून ती बाजारात मासे घेऊन बसली नव्हती, तिच्या जागेवर हल्ली दांडीवरचीच लक्ष्मी बसत होती. उद्या जायचं का, असं तिने मनाशी विचारलं. हे विचारणंही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच होतं. जावंसं वाटत नव्हतं, न जावंसंही वाटत नव्हतं. तिने तांदूळ वैरले आणि झाकण ठेवलं.