श्यामलाशेजारची जागा

“हार डावीकडे जास्त लोंबतोय का हो, मुरली?” ब्रिगेडियर जोसायांनी दोन पावलं मागे सरकून विचारलं.

मुरलीधरराव हातातला डबा घेऊन दारातच थांबले. शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात, शेकोटीवरच्या फळीवर, एक फोटो मांडलेला होता आणि त्याला चंदनाचा हार घातलेला होता. फोटोतला तरणाबांड लष्करी अधिकारी नदीवरच्या नव्या पुलाची फीत कापत होता. तोच माणूस आता म्हातारा होऊन, इस्त्रीचा कोट घालून समोर उभा होता, शाबासकीची वाट बघत.

“कुठून आणलात?”

“लंडनहून, वेम्बलीच्या भारतीय बाजारातून. मुद्दाम गेलो होतो. दुकानदाराने फ्रेमचं माप तेवढं विचारलं. वहिनींच्या फोटोला आहे त्याहून किंचित बारीक घेतला. वहिनींचा मान मोठा.”

दोघं बोलत इंग्रजीतच. पण ‘वहिनी’ हा शब्द ब्रिगेडियर मराठीतच म्हणत. मुरलीधररावांच्या पत्नीने, श्यामलाबाईंनीच, तो शिकवला होता. परसातल्या कुंपणावरून त्या चिडवायच्या, “राजेसाहेब, राज्य गेलं ते गेलं, आता मेथी तरी नीट पेरा.”

राज्य मात्र खरंच होतं. आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या खुर्चीवर ते पेरणीच्या सुमारास बसले आणि पीक कापणीला यायच्या आत दुसऱ्याने त्यांना उठवलं. नेसत्या कपड्यांनिशी बायकोला घेऊन ते ब्रिस्टलला आले. विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता निवृत्त झाले. त्या दिवसांतला हा एकच फोटो वाचला होता, बायकोच्या शिवणाच्या डब्याच्या तळाशी.

मुरलीधरराव तेव्हा ग्रंथालयात कामाला होते. ब्रिगेडियर एकदा तिथे येऊन हळूच म्हणाले होते, “माझं नाव कुठे सापडेल का?” मुरलीधररावांनी शोधशोध करून एका विश्वकोशात एक ओळ काढून दिली. ब्रिगेडियरांनी ती उभ्यानेच वाचली आणि ग्रंथ दोन्ही हातांनी परत केला. पुढच्या आवृत्तीत ती ओळही गळाली. हे सांगायला म्हणून मुरलीधररावांनी कैकदा तोंड उघडलं आणि हवेविषयी काहीबाही बोलून मिटलं.

आणि आता त्या देशाच्या वकिलातीतून निरोप आला होता. राजधानीतल्या राजवाड्यात माजी राज्यकर्त्यांचे फोटो ओळीने लावायचे होते. ब्रिगेडियरांची जागा तेवढी रिकामी होती. आज चारला त्यांचा माणूस फोटो न्यायला येणार होता. मुरलीधररावांनी त्यासाठी शिरा करून आणला होता.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ब्रिगेडियर एकदा प्रमुख पाहुणे होते, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडला होता. पुढे श्यामलाबाईंच्या फोटोला त्यांनी हार पाहिला. दोन्हींचा मेळ त्यांनी आपल्या मनाने घातला होता.

पाणी प्यायच्या निमित्ताने मुरलीधरराव स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी ब्रॅकनेलला लेकीला फोन लावला.

“मग सांगा ना त्यांना, बाबा,” निवेदिता म्हणाली. “हार म्हणजे माणूस गेलेला. सिंपल.”

“आजच्या दिवशी कसं सांगू, बाळा?”

“तुम्ही आईलाही डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नव्हतंत. तिला कळलं होतं, बाबा.”

मुरलीधरराव फोन खिशात घालून बाहेर आले, तर ब्रिगेडियरही फोनवरच होते. ताठ उभे. “समजलं,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“ते येत नाहीयेत. आज सकाळी तिकडे सरकार उलटलं. नव्या साहेबांना जुन्यांचे फोटो नकोत.”

“कोण आहे नवा?”

“कुणी कर्नल आहे. रेडिओवर भाषण केलं म्हणे.” ब्रिगेडियर किंचित हसले. “मीही रेडिओवरच केलं होतं. फार वाईट बोललो होतो. चला, शिरा गार होतोय.”

ते खुर्चीवर टेकले, पण चमचा हातातच राहिला. नजर फोटोवर होती.

“ब्रिगेडियर,” मुरलीधरराव म्हणाले, “आमच्यात फोटोला हार घालतात तो... माणूस गेल्यावर.”

ब्रिगेडियरांनी चमचा बशीत ठेवला.

“आणि मी आठवडाभर त्याला गुड मॉर्निंग म्हणतोय,” ब्रिगेडियर म्हणाले आणि खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. हसणं थांबल्यावर डोळे पुसायला त्यांना वेळ लागला. मग उठून त्यांनी हार अलगद उतरवला, ज्या कागदात आणला होता त्यातच गुंडाळला.

“तुमच्या भिंतीवर जागा आहे का, मुरली?”

“आहे. श्यामलाच्या शेजारी.”

“तिथे लावा मग. वहिनी निदान हाकलायच्या नाहीत.” पुडी त्यांनी मुरलीधररावांच्या हातात दिली. “हाही ठेवा. चांगला आहे. वाया नको जायला.”

त्याच संध्याकाळी खिळा ठोकला गेला. पुडी श्यामलाबाईंच्या साड्यांच्या कप्प्यात गेली.

उन्हाळाभर ब्रिगेडियर चहाला येत आणि बसण्याआधी फोटोकडे बघून मान लववत. आधी श्यामलाबाईंकडे, मग स्वतःकडे.

मेथीचा हंगाम संपला. शेजारच्या दारापुढे ‘घर विकणे आहे’ अशी पाटी उभी राहिली. मुरलीधररावांनी कप्पा उघडला, पुडी सोडली आणि ते स्टुलावर चढले. मग उतरून, दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

डावीकडे जास्त लोंबत होता. ते पुन्हा स्टुलावर चढले.