बादशहा पपांच्या मांडीवर

१९७५ सालच्या फेब्रुवारीत माझ्या भावाला, सेसिलला, मुलगा झाला. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती. आमच्या ज्यू रिवाजाप्रमाणे नातवाला मांडीवर घेऊन त्याची सुंता करवायची, एवढ्याचसाठी आमचे पपा रेवदंड्याहून टोरांटोला आले. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसले.

सेसिलला तेव्हा रोमन इतिहासाचं वेड लागलं होतं. "आपल्यात 'जोएल' म्हणून हाक मारली की चार पोरं वळतात," तो म्हणे. "माझ्या मुलाचं नाव कॅनडात दुसऱ्या कुणाचं नसेल." काय नाव, ते मात्र सांगेना. आमच्यात ते सुंतेच्या वेळीच जाहीर करतात, म्हणून आम्हीही खोदून विचारलं नाही.

आठव्या दिवशी सेसिलच्या घराचं बेसमेंट माणसांनी भरलं. टेबलावर मलिद्याचं ताट, खुर्चीत पपा, मांडीवर उशी आणि उशीवर बाळ. सुंता करायला पोलंडकडचे एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांनी नाव विचारलं.

"हेड्रियन!" सेसिल छाती काढून म्हणाला. "रोमचा बादशहा. ब्रिटनमध्ये केवढी भिंत बांधली त्यानं!"

म्हाताऱ्यानं चाकू खाली ठेवला. "भिंतीचं राहू दे. आपल्या लोकांच्या सुंतेवर बंदी घातली, तोच ना हा?"

सेसिलचा चेहरा पडला. "मी अजून भिंतीपर्यंतच वाचलंय," तो पुटपुटला.

"दीना, उचल ह्याला," पपा मला म्हणाले. "त्या मेल्याच्या नावाचं पोर मी मांडीवर घेणार नाही."

"पपा, नाव रजिस्टर करून झालंय."

"मग तूच बस इथे, बादशहाच्या बापा!"

पपा खरंच उठू लागले. इतक्या लांब येऊन ते नातवाला न धरताच परत जाणार, असं दिसू लागलं. तेवढ्यात जिन्यावरून रूबीचा, माझ्या भावजयीचा आवाज आला. सासऱ्यांपुढे ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"पपा, बसा खाली! ज्यानं सुंता बंद केली तो आयता तुमच्या मांडीवर आलाय, आणि तुम्ही त्याला तसाच सोडणार?"

पपांनी बाळाकडे पाहिलं आणि हसत सुटले. उशी इतकी हलू लागली की म्हाताऱ्यानं हातात घेतलेला चाकू पुन्हा खाली ठेवला.

"चालू द्या," पपा डोळे पुसत म्हणाले. "बादशहाचे पाय मी धरतो."

पपा उन्हाळ्यात रेवदंड्याला परतले आणि चार वर्षांनी गेले. तोवर गावभर हीच गोष्ट सांगत होते. सेसिलनं रोमन सोडून मधमाश्या पाळल्या, त्याही उडून गेल्या. रूबी आता टोरांटोजवळ वॉनला कॉन्डोत राहते आणि सगळ्यांशी मोठ्यानंच बोलते. हेड्रियन तिकडे पश्चिम कॅनडात, सरे शहरात इलेक्ट्रिशियन आहे. त्याला दोन मुली. त्यांची नावं ठेवताना त्यानं बापाला विचारलंच नाही.