पंख्यावर फोडलेलं खापर

बत्तीस वर्षं ट्रक चालवून ड्रायव्हर इतका थकला होता, की गॅरेजातल्या बाकड्यावर टेकतानाही त्याने आधी दोन्ही गुडघ्यांची परवानगी घेतली. बायको शेजारी बसली. मुलीचं लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबरच फिरायची. घरी एकटीने भिंतींशी बोलण्यापेक्षा ट्रकात नवऱ्याशी बोलू, असा तिचा हिशोब होता. तो साफ चुकला. इंजिनासमोरचा लोखंडी पंखा असा घोंगावायचा, की केबिनमध्ये साधं पाणी हवं असेल तरी घसा फोडून ओरडावं लागे. शेवटी तिने बोलणंच कमी केलं. मागून हॉर्न आला, की ती त्याच्या मांडीवर थाप मारायची आणि तो गाडी बाजूला घ्यायचा.

दोष सगळा पंख्याचा, असं ड्रायव्हरचं म्हणणं होतं. जावयाचं फोनवरचं बोलणं कळलं नाही, तर पंखा. मुक्कामी पोचल्यावर कुणी हाक मारली नि याने मान वळवली नाही, तरी पंखा. "दिवसभराचा आवाज कानात बसलाय," तो म्हणायचा, "उतरेल हळूहळू." एकदा चार दिवस सुट्टीवर असताना दारावरची थाप ऐकू आली नाही, त्याचंही खापर त्याने पंख्यावरच फोडलं. बिचाऱ्या पंख्याला तोंड असतं, तर 'काढ मला' म्हणत त्यानेच गॅरेजच्या मिस्त्रीचे पाय धरले असते.

पुढच्या आठवड्यात लायसनसाठी डॉक्टरी तपासणी होती. डोळे, कान, सगळं. कान नापास झाले तर लायसन जाणार, लायसन गेलं तर ट्रक जाणार, आणि ट्रक सोडून या माणसाला जगात दुसरं काही येत नव्हतं. या धास्तीने त्याला महिनाभर धड झोप नव्हती. पण पंखा काढला की कान मोकळे होतील, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. मिस्त्रीला मात्र त्याने वेगळंच सांगितलं.

"विजेच्या पंख्याने डिझेल वाचतं म्हणे."

"वाचेल थोडंफार," मिस्त्री नट सैल करत म्हणाला. "हा जुना पट्ट्यावर चालतो. इंजिन फिरलं की हा फिरणारच, गरज असो नसो. विजेचा तसा नाही. रेडिएटरचं पाणी तापलं की सुरू, निवलं की बंद. मग इंजिन चालू असो की नसो, तो आपल्या मर्जीचा."

"काय?"

"आवाज कमी!" मिस्त्री ओरडला.

"हां. तेच पाहिजे."

सकाळपासून दुपारपर्यंत काम चाललं. मिस्त्रीने जुना पंखा उतरवून ड्रायव्हरच्या पायाशी ठेवला. एका पात्याचा कोपरा उडाला होता. मग नव्या पंख्याची चौकट रेडिएटरला आवळली, पाण्याच्या नळीत तापमानाचा सेन्सर बसवला, रिलेतून बॅटरीपर्यंत वायर ओढली आणि हात पुसत खूण केली, की मारा स्टार्टर.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढला, बायको पलीकडून चढली. इंजिन सुरू झालं, पण तो घोंगाट नव्हता. पायाखाली नुसती थरथर. ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला.

"बघ, किती शांत!" तो म्हणाला. "आता बोल. हळू बोललीस तरी चालेल."

तो तापमानाचा काटा बघत वाट पाहत राहिला. काटा चढत गेला. शेवटी त्याने मान वळवली. "अगं, बोल की!"

बायको त्याच्याकडेच बघत होती. "बोलले," ती म्हणाली. तिचे ओठ तेवढे हलताना त्याला दिसले.

"काय बोललीस?"

तिने मान हलवली, की काही नाही. त्याने पुढे विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

काटा वर आला तसं मिस्त्रीने इंजिन बंद करायची खूण केली. ड्रायव्हर उतरून पुढे आला, मागोमाग बायकोही. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

"मिस्त्री, हा तर चाललाच नाही!" असं म्हणत त्याने आत हात घातला. इंजिन बंद म्हणजे पंखा बंद, हे बत्तीस वर्षांत त्याच्या हाताला पाठ झालं होतं. भर दुपारच्या उन्हात फिरती पाती दिसलीही नाहीत.

बायकोने त्याचं मनगट धरून मागे ओढलं. त्याच्या खांद्यावरचं फडकं निसटून आत गेलं आणि त्याच्या चिंध्या उडाल्या.

"हाक मारायची नाही का?" तो घाबरून तिच्यावरच डाफरला.

मिस्त्रीने खाली मान घातली. बायको नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "तीन हाका मारल्या."

ड्रायव्हर बाकड्यावर जाऊन बसला. हात वाचला याचा आनंद त्याला झालाच नाही. त्याला फक्त भीती वाटत होती, लहान पोराला अंधारात वाटते तशी. बायको शेजारी येऊन बसली. बराच वेळ गेला. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "नवा पंखा पण आवाज करतोच ना गं?"

"करतो की," ती म्हणाली. "आत्ताही केवढा आवाज करतोय. माझ्या कानाला दडे बसले."

त्याने ट्रककडे पाहिलं. पाणी केव्हाच निवलं होतं. पाती जागच्या जागी उभी होती, एकेक मोजता आली असती.

म्हणजे आपले कान गेलेत, हे हिला ठाऊक होतं. मांडीवरची थाप पंख्याच्या आवाजामुळे नव्हतीच. इतकी वर्षं ती शेजारी बसून त्याच्यासाठी ऐकत आली होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

"तपासणीत डॉक्टरला खरं काय ते सांगतो," तो म्हणाला.

बायकोने त्याच्या मांडीवर हलकेच थाप मारली. मागे कुठलीही गाडी नव्हती.